सामुदायिक बागेची राखण : कोल्हापुरातील नव्या स्वयंसेवकांसाठी कामाच्या वाटणीचे मार्गदर्शन

‘बारभाईची शेती, काय लागेल हाती’ ही म्हण आपल्याकडे उगाच रुजलेली नाही. कॉलनीतील खुल्या जागेवर, अपार्टमेंटच्या मागच्या अंगणात किंवा शाळेच्या आवारात पाच-पंचवीस माणसे एकत्र येऊन बाग सुरू करतात, मृगाचा पाऊस पडताच उत्साहाने रोपे लावली जातात आणि श्रावण संपता संपता वाफ्यांत पिकापेक्षा गवत उंच झालेले दिसते. अशा बागेत कष्टाळू माणसांची वाण क्वचितच असते. कोणते काम कोणी आणि कोणत्या दिवशी करायचे, हे मात्र ठरलेले नसते. लावणीचे काम दोन दिवसांत उरकते, राखणीचे काम बारा महिने पुरते. म्हणून या लेखात पिकांच्या माहितीपेक्षा राखणीच्या कामाची वाटणी कशी करावी, यावर अधिक भर दिला आहे.

सामायिक कामाची रीत आपल्या भागाला नवी नाही. भांगलणीच्या (तण काढण्याच्या) किंवा लावणीच्या दिवसांत शेतकरी एकमेकांच्या रानात पैऱ्याने राबतात, भाऊबंदांच्या सामायिक विहिरीवर पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात आणि पेठांमधील तालीम मंडळे वर्गणीचा हिशेब फलकावर लावतात. बागेला याच तीन गोष्टी लागतात: कामाची परतफेड, पाण्याची पाळी आणि उघडा हिशेब.

जागा आणि परवानगी

जागेचा मालक कोण आहे, हे कुदळ मारण्यापूर्वी कागदावर स्पष्ट असावे. गृहनिर्माण संस्थेच्या आवारात बाग करायची असेल, तर सर्वसाधारण सभेचा ठराव करून घ्यावा. अध्यक्षांच्या तोंडी होकारावर विसंबू नये, कारण कार्यकारिणी बदलली की होकारही बदलतो. जागा महानगरपालिकेची असेल, तर उद्यान विभागाकडे लेखी अर्ज करावा. अर्जात जागेचा साधा नकाशा, पाण्याची सोय आणि जबाबदार दोन व्यक्तींची नावे द्यावीत, आणि मिळालेल्या पत्राची प्रत बागेच्या फाइलीत ठेवावी.

जागेवर जुनी झाडे असतील, तर त्यांना हात लावण्यापूर्वी विचारणे बंधनकारक आहे. १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्रातील झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार झाड तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि झाड जाळणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेदेखील या कायद्याच्या दृष्टीने तोडण्यातच मोडते. त्यामुळे वाफ्यावर सावली येते म्हणून मोठी फांदी छाटायची असली, तरी आधी अर्ज करावा आणि मगच करवत हातात घ्यावी.

आधी कामांची यादी, मग माणसांची

बहुतेक गट पहिल्या बैठकीत पदे वाटतात. माझ्या मते पहिल्या बैठकीत फक्त कामे लिहावीत. सर्वांनी मिळून बागेत एक फेरी मारावी आणि जे काम दिसेल ते वहीत उतरवावे: रोजचे पाणी, गळका नळ, वाफ्यांची भांगलण, वेलांचे मांडव, खताचा ढीग, पालापाचोळा, अवजारे, कुंपण, बियाणे, काढणी, हिशेब, फाटकाची किल्ली. मग प्रत्येक कामापुढे ते रोजचे, आठवड्याचे, महिन्याचे की हंगामाचे, हे लिहावे आणि त्याला किती वेळ लागतो याचा अंदाज मांडावा. हा अंदाज मांडल्याशिवाय वाटणी न्याय्य होत नाही. हिशेबाचे काम महिन्याला दोन तासांचे असते, पण त्याला मान असतो. उन्हाळ्यातील पाण्याचे काम रोज तासभराचे असते आणि ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. दोन्ही कामे वहीत तासांनी मांडली की कोण किती ओझे उचलत आहे, हे न बोलता समजते.

यादी पूर्ण झाल्यावर प्रत्येक कामापुढे एकच मुख्य नाव आणि एकच बदली नाव लिहावे. ‘पाणी : सर्वजण’ असे कधीही लिहू नये. मुख्य व्यक्तीने ते काम स्वतःच्या हाताने केलेच पाहिजे असे नाही. ते झाले की नाही याची जबाबदारी तिची असते. ती गावाला जाणार असेल, तर बदलीच्या व्यक्तीला किमान दोन दिवस आधी कळवणे आणि किल्ली तिच्या हातात देणे हाही त्या जबाबदारीचाच भाग आहे. गट लहान असेल, तर एका व्यक्तीकडे दोन कामे द्यायला हरकत नाही, पण रोजची दोन कामे एकाच व्यक्तीकडे कधीही देऊ नयेत, कारण ती व्यक्ती आजारी पडली तर बाग एकदम उघडी पडते.

कामे वाटताना माणसांचे वय, नोकरीची वेळ आणि प्रकृती विचारात घ्यावी. उद्यमनगरात पाळीवर काम करणाऱ्या तरुणाला सकाळची वेळ जमणार नाही, पण रविवारी तो खड्डे खोदू शकेल. गुडघे दुखणाऱ्या काकूंना खाली बसून भांगलण करता येणार नाही. त्यांच्याकडे बियाण्यांची निवड, रोपवाटिकेची देखरेख आणि नोंदवही द्यावी. खेड्यातून शहरात राहायला आलेल्या ज्येष्ठांकडे तर पिकाचे इतके ज्ञान असते की त्यांना केवळ ‘सल्लागार’ म्हणून खुर्चीवर बसवणे हा बागेचाच तोटा आहे. त्यांच्या हाताखाली दोन नवे स्वयंसेवक द्यावेत.

पाण्याची पाळी

सामुदायिक बागेतील निम्म्याहून अधिक तक्रारी पाण्याच्या असतात, म्हणून हा भाग सविस्तर सांगतो.

भाजीपाल्याच्या वाफ्याला उन्हाळ्यात दर चौरस मीटरला रोज साधारण ५ लिटर पाणी लागते. १.२ मीटर रुंद आणि ३ मीटर लांब वाफा म्हणजे ३.६ चौरस मीटर, म्हणजे १८ लिटर; १० लिटरच्या झारीने जवळजवळ दोन खेपा. असे दहा वाफे असतील, तर रोज सुमारे १८० लिटर पाणी आणि एका माणसाचा तासभर वेळ लागतो. हा हिशेब आधी केला, तर एका व्यक्तीकडे आठवड्याचे सातही दिवस देण्याची चूक होत नाही. आठवड्याचे सात वार सात घरांत वाटावेत आणि तो वार वर्षभर त्या घराचाच ठेवावा. दर महिन्याला वेळापत्रक बदलले की लोक विसरतात. ‘बुधवार आपला’ हे घरातील मुलांनाही पाठ झाले की विसर पडत नाही.

पाणी सकाळी लवकर द्यावे. संध्याकाळी दिल्यास पाने रात्रभर ओली राहतात आणि बुरशीला वाव मिळतो. पाणी पानांवर न मारता बुंध्याशी, सावकाश द्यावे. नव्या स्वयंसेवकाची नेहमीची समजूत अशी असते की वरची माती ओली दिसली म्हणजे काम झाले. ही समजूत मोडण्यासाठी पहिल्याच दिवशी त्याला बोटाची दोन पेरे मातीत घालून पाहायला सांगावे. आत ओल लागत असेल तर त्या वाफ्याला पाणी देऊ नये. काळ्या जमिनीत पाणी बराच काळ टिकते, तर उपनगरांतील मुरमाड भरावावर ते लगेच निघून जाते, त्यामुळे एका बागेचा नियम दुसऱ्या बागेत जसाच्या तसा लावता येत नाही.

ज्याची पाळी असेल त्याने पाणी दिल्यानंतर नोंदवहीत तारीख, वेळ आणि एक ओळ लिहावी: ‘तिसऱ्या वाफ्यात मिरचीवर मावा’, ‘मागचा नळ ठिबकतो’. व्हॉट्सअॅपचा गट सूचना देण्यासाठी सोयीचा असतो, पण तिथे शुभेच्छांच्या संदेशांखाली गळक्या नळाची गोष्ट गाडली जाते. वही मात्र दाराशीच टांगलेली असते आणि दुसऱ्या दिवशी येणारा ती वाचूनच आत जातो.

पावसाळ्यात पाणी देण्याचे काम थांबते, पण पाण्याची पाळी थांबवू नये. त्या घराने त्या दिवशी चर साफ आहेत का, बादल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि पिंप यांत पाणी साचले आहे का, हे पाहावे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणून साठवणीचे प्रत्येक भांडे आठवड्यातून एकदा रिकामे करून, घासून, कोरडे करावे. शेजारच्या घरांचा बागेला विरोध होतो तो बहुधा डासांमुळेच, आणि ती तक्रार रास्त असते.

नव्या स्वयंसेवकाचा पहिला महिना

नव्या व्यक्तीला पहिल्याच दिवशी खुरपे देऊन वाफ्यात सोडू नये. तिची जोडी एखाद्या जुन्या स्वयंसेवकाशी लावावी आणि महिनाभर दोघांनी एकाच पाळीला यावे. पहिल्या आठवड्यात तिने बाग फिरून पाहावी, वाफ्यांची नावे आणि अवजारांची जागा समजून घ्यावी, पाणी देण्याची पद्धत शिकावी. दुसऱ्या आठवड्यापासून जुन्या माणसाच्या शेजारी बसून भांगलण करावी.

भांगलणीचा आग्रह अशासाठी, की दोन पानांवर असलेले पीक आणि तण यांतील फरक केवळ वाचून कळत नाही. लव्हाळा वरून उपटला तर गाठ जमिनीत राहते आणि आठ दिवसांत तो पुन्हा वर येतो. तो खुरप्याने खोलवर जाऊन गाठीसकट काढावा लागतो. हरळीच्या मुळ्या हाताने वेचाव्या लागतात, कारण तुटलेला प्रत्येक तुकडा पुन्हा फुटतो. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वीच उपटावे, आणि हातमोजे घालूनच उपटावे, कारण त्याने अनेकांच्या कातडीला खाज सुटते व दमेकऱ्यांना त्रास होतो. दुसरीकडे घोळ, तांदुळजा, पाथरी यांसारखी आपोआप उगवणारी रोपे खाण्याजोगी आहेत. ती सरसकट तण म्हणून फेकण्यापूर्वी ज्येष्ठांना विचारावे. नव्या व्यक्तीसाठी एकच नियम पुरे आहे: ओळखत नसलेले रोप विचारल्याशिवाय उपटू नये.

पहिल्या महिन्याच्या अखेरीस बागेच्या सर्व कामांचा मेळ घालणाऱ्या समन्वयकाने त्या व्यक्तीशी बोलून तिला कोणते काम आवडले आणि आठवड्याला किती वेळ देता येईल, हे विचारावे. आठवड्याला एक तास देणारी पण नेमाने येणारी व्यक्ती बागेसाठी फार मोलाची असते. उत्साहाच्या भरात रोज येण्याचा शब्द देणाऱ्यांना समन्वयकाने आपणहून थोडे आवरावे आणि आठवड्याच्या एकाच पाळीवर समाधान मानायला सांगावे.

रविवारचे श्रमदान

रोजच्या पाळीत न होणारी कामे, म्हणजे वाफे खणणे, खताचा ढीग उलटणे, मांडव बांधणे, कुंपण दुरुस्त करणे, ही पंधरा दिवसांतून एकदा रविवारी एकत्रितपणे करावीत. उन्हाळ्यात सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि हिवाळ्यात साडेसात ते साडेनऊ ही वेळ सोयीची ठरते. समन्वयकाने आदल्या दिवशी बागेत येऊन तीनपेक्षा जास्त मोठी कामे न निवडता त्यांची तयारी करून ठेवावी: दोरी, काठ्या, शेणखताची पोती, लागणारी अवजारे. लोक आल्यावर काम शोधत बसले तर पहिला अर्धा तास गप्पांत जातो आणि पुढच्या वेळी निम्मेच लोक येतात.

चार ते सहा जणांचा एक गट करावा, प्रत्येक गटात काम जाणणारी एक व्यक्ती असावी आणि काम कुठे संपले असे समजायचे, हे आधीच सांगावे. ‘जमेल तेवढे खणा’ असे सांगण्यापेक्षा ‘या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत वीतभर खोल खणा’ असे सांगावे. शेवटची पंधरा मिनिटे अवजारे धुणे, मोजणे आणि जागेवर लावणे यासाठी राखून ठेवावीत, आणि चहा त्यानंतरच द्यावा. आधी चहा आला की अवजारे वाफ्यातच राहतात. मुलांना सोबत आणण्यास उत्तेजन द्यावे, पण त्यांच्या हाती कोयता किंवा कुदळ देऊ नये. रोपांच्या पाट्या बनवणे, बिया वेचणे, गांडूळखत चाळणे ही कामे मुले मनापासून करतात.

कोल्हापूरचे हवामान आणि वर्षाचे नियोजन

एप्रिल-मे महिन्यांत वळीव पडतो. त्यापूर्वी वाफ्यांची माती तपासून घ्यावी: बागेतील सात-आठ ठिकाणी वीतभर खोल व्ही आकाराचा खड्डा करून बाजूची माती खरवडावी, सर्व माती एकत्र मिसळून त्यातील अर्धा किलो नमुना सावलीत वाळवावा आणि माती परीक्षण प्रयोगशाळेत द्यावा. वळवाने ओल झाली की वाफे खणून शेणखत मिसळावे आणि वांगी, मिरची, टोमॅटो यांची रोपे गादीवाफ्यावर टाकावीत. पाच-सहा आठवड्यांत ती लावणीस तयार होतात.

आपल्याकडे जुलै-ऑगस्टमधील मुख्य संकट जादा पाण्याचे असते. सलग आठ-दहा दिवस पाऊस थांबत नाही, सखल वाफ्यांत मुळे कुजतात आणि टोमॅटो-मिरचीवर करपा येतो. यासाठी सर्व वाफे २० ते ३० सेंटिमीटर उंच करावेत, दोन वाफ्यांमध्ये सरी ठेवावी आणि सर्व सऱ्यांचे पाणी एका चरातून बाहेर काढावे. हा चर कोणाच्या दारात जाऊन पडतो, हे मे महिन्यातच पाहून घ्यावे. या दिवसांत पालेभाज्यांच्या मागे न लागता दोडका, कारले, काकडी, पडवळ अशा मांडवावर चढणाऱ्या वेलभाज्या आणि हळद, आले, अळू ही पिके घ्यावीत.

पंचगंगेच्या किंवा जयंती नाल्याच्या काठी असलेल्या बागांनी पुराची तयारी स्वतंत्रपणे लिहून ठेवावी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली अशा भागांत काय झाले, हे तेथील लोकांना सांगण्याची गरज नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आणि पावसाळ्यात रोजची पातळी बातम्यांत येते. बागेसाठी नियम सोपा ठेवावा: पातळी इशाऱ्याकडे सरकू लागताच अवजारे, बियाणे, नोंदवही आणि खतांची पोती ठरलेल्या उंच घरी हलवावीत. ते घर कोणाचे आणि सामान नेणारे चौघे कोण, ही नावे जूनमध्येच फलकावर लागलेली असावीत. पूर ओसरल्यावर गमबूट आणि हातमोजे घातल्याशिवाय चिखलात उतरू नये, कारण पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते आणि पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. बुडालेली भाजी कितीही ताजी दिसली तरी खाऊ नये. ती उपटून खताच्या ढिगात टाकावी.

गणपतीनंतर पाऊस ओसरू लागला की पालेभाज्यांचा खरा हंगाम सुरू होतो. मेथी साधारण महिनाभरात, पालक पाच-सहा आठवड्यांत आणि कोथिंबीर दीड महिन्यात काढणीला येते. नव्या स्वयंसेवकांना याच काळात सामील करून घेणे सर्वांत चांगले, कारण पेरलेले लवकर हाती येते आणि मन रमते. सगळी मेथी एकाच दिवशी न पेरता दर दहा दिवसांनी एक वाफा पेरावा, म्हणजे सर्वांना थोडी थोडी भाजी सतत मिळत राहते. शेपू, चाकवत, मुळा, गाजर, पावटा, घेवडा हीदेखील याच दिवसांतील पिके.

उसाचा हंगाम सुरू झाला की शहरालगतच्या वडणगे, शिये, चिखली अशा गावांच्या शिवारात पाचट (उसाची वाळलेली पाने) उपलब्ध होते. बरेच शेतकरी ते जाळतात, त्यामुळे विनंती केल्यास ते मिळू शकते. उन्हाळ्यापूर्वी वाफ्यांवर पाचटाचा ८ ते १० सेंटिमीटर जाड थर दिला की ओल टिकते, तण कमी येते आणि पाण्याची पाळी एक दिवसाआड केली तरी चालते. बाजारातील प्लास्टिकच्या आच्छादनापेक्षा मला हे कितीतरी अधिक योग्य वाटते, कारण वर्षाअखेरीस ते कुजून मातीतच मिसळते.

खताचा ढीग

खताच्या ढिगाला कायमचा एक मालक असावा लागतो. पाणी सात जणांत वाटता येते. ढीग वाटता येत नाही, कारण त्याची आजची अवस्था मागच्या आठवड्यात त्यात काय पडले यावर अवलंबून असते. ढीग किमान एक मीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच असावा. त्याहून लहान ढीग आतून तापत नाही. सुका पाला, पाचट, वाळलेल्या काड्या यांचे तीन भाग आणि भाजीची देठे, फळांच्या साली, ताजे गवत, शेण यांचा एक भाग अशा थरांनी तो रचावा. ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी. सर्व ठीक असेल तर काही दिवसांत आतील उष्णता ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि तणांचे बी बहुतांशी मरते. दर आठ-दहा दिवसांनी ढीग उलटावा. तीनेक महिन्यांत खत काळे, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचे होते. दुर्गंधी येत असेल, तर ओला कचरा जास्त झाला आहे असे समजून सुका पाला मिसळावा.

शिजवलेले अन्न, मांस-मासळी, तेलकट पदार्थ आणि प्लास्टिकच्या पिशव्या ढिगात पडू देऊ नयेत. निर्माल्य घेता येईल, पण दोरा, तार आणि चमकी काढून. आजूबाजूची घरे बागेत ओला कचरा आणून टाकू लागली, की समन्वयकाने ठरावीक वार आणि वेळ द्यावी आणि त्या वेळी ढिगाचा जबाबदार माणूस तिथे हजर असावा. पालापाचोळा जाळण्यास कोणालाही, कोणत्याही कारणाने परवानगी देऊ नये.

कीड आढळल्यास निंबोळी अर्क पुरेसा ठरतो: अर्धा किलो निंबोळीची भरड पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, एकूण १० लिटर द्रावण करावे, त्यात थोडा साबण विरघळवून संध्याकाळी फवारावे. रासायनिक औषध वापरायचे की नाही, हा निर्णय एकट्याने कधीही घेऊ नये, कारण त्या वाफ्यातील भाजी दुसऱ्याच्या घरातील लहान मूल खाणार असते.

अवजारे आणि सुरक्षा

अवजारांच्या दांड्याला एकाच रंगाचा पट्टा मारावा आणि भिंतीवर प्रत्येकाच्या जागी त्याचे रेखाचित्र काढावे. कोणते गायब आहे ते लगेच दिसते. घरी नेलेल्या अवजाराची वहीत नोंद असावी. खुरपी आणि विळे महिन्यातून एकदा धार लावून, तेलाचा हात फिरवून ठेवावेत.

पाचटाच्या आणि पाल्याच्या ढिगात साप असू शकतो, म्हणून तिथे थेट हात न घालता आधी काठीने हलवावे. सर्पदंश झाल्यास आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये, चोखू नये. रुग्णाला शांत ठेवून, दंश झालेला अवयव न हलवता, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने थेट सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात न्यावे. हा क्रमांक फाटकाजवळ मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा. गंजलेल्या अवजाराने जखम झाल्यास धनुर्वाताच्या लसीबाबत त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

काढणी आणि वाटप

बागा मोडतात त्या तणामुळे कमी आणि वांग्यांमुळे जास्त. वाटपाचे नियम पहिले फळ धरण्यापूर्वी ठरवावेत. काही बागांत प्रत्येक घराला स्वतंत्र वाफा देतात. ही पद्धत सोपी असते, पण सामायिक रस्ता, चर आणि खताचा ढीग यांकडे मग कोणी पाहत नाही. सर्वच सामायिक ठेवले, तर मन लावून काम करणाऱ्याला आपले असे काही वाटत नाही. माझा कल मधल्या मार्गाकडे आहे: बहुतेक वाफे सामायिक असावेत आणि वर्षभर नेमाने आपली पाळी सांभाळणाऱ्या घराला हवे ते लावण्यासाठी एक लहान वाफा द्यावा.

सामायिक वाफ्यांची काढणी ठरलेल्या दोनच दिवशी, किमान दोन व्यक्तींच्या उपस्थितीत व्हावी, आणि भाजी मोजून वहीत लिहावी. वाटप हजेरीच्या प्रमाणात करावे, वर्गणीच्या प्रमाणात करू नये. जास्त वर्गणी देणाऱ्याला जास्त भाजी दिली, तर ती बाग न राहता दुकान होते आणि श्रम देणारे हळूहळू येईनासे होतात. आजारपणामुळे किंवा बाळंतपणामुळे येऊ न शकणाऱ्यांचा वाटा चालू ठेवावा. उरलेली भाजी जवळच्या अंगणवाडीला द्यावी. परवानगीशिवाय तोडलेल्या भाजीबद्दल सर्वांसमोर कोणाचे नाव घेऊ नये; समन्वयकाने त्या घरी जाऊन शांतपणे बोलावे, कारण पुष्कळदा त्यांना नियम माहीतच नसतो.

पैसे, बैठक आणि गैरहजेरी

वर्गणी सर्वांना झेपेल एवढीच ठेवावी आणि प्रत्येक महिन्याचा जमाखर्च फलकावर लावावा. रक्कम वाढू लागली, की दोघांच्या सहीने चालणारे बँक खाते काढावे. गृहनिर्माण संस्थेच्या अंतर्गत चालणाऱ्या बागेला वेगळ्या नोंदणीची सहसा गरज नसते. स्वतंत्र संस्था करायचीच असेल, तर १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किमान सात सदस्य लागतात आणि महाराष्ट्रात अशा संस्थेची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही करावी लागते. केवळ प्रतिष्ठेसाठी ही घाई करू नये. नोंदणीनंतर दरवर्षीचे हिशेब आणि कागदपत्रे सांभाळणारी व्यक्ती आधी मिळायला हवी.

बैठक महिन्यातून एकदा, बागेतच, पाऊण तासाची असावी. नोंदवहीतील अपुरी कामे आधी वाचावीत, मग पैसे आणि शेवटी नव्या कल्पना. क्रम उलटा झाला, तर कारंजे बसवण्याच्या चर्चेत गळका नळ तसाच राहतो.

एखाद्याच्या लागोपाठ तीन पाळ्या चुकल्या, तर समन्वयकाने फोन करून किंवा घरी जाऊन विचारपूस करावी. कारण बहुधा परीक्षा, नोकरी, आजारपण असे साधे असते आणि संकोचामुळे ती व्यक्ती सांगत नाही. तिला दोन महिन्यांची रजा देऊन पाळी बदलीकडे द्यावी आणि परत येण्याचा दिवस वहीत लिहावा. गटावर संदेश टाकून टोमणे मारल्याने एकही माणूस परत येत नाही. याच्या उलट, दुसऱ्यांच्या पाळ्या गुपचूप भरून काढणाऱ्या माणसाकडेही लक्ष ठेवावे. तो काही महिने बाग सांभाळतो आणि मग थकून एकदम सोडून जातो. त्याच्यासोबत बागेची सगळी माहितीही जाते.

म्हणूनच समन्वयकाचे काम वर्षभरासाठीच असावे आणि गुढीपाडव्याला ते दुसऱ्याकडे सोपवावे. सोपवताना परवानगीपत्रांची फाइल, नोंदवही, किल्ल्या, अवजारांची मोजलेली यादी, बँकेचे पासबुक, बियाण्यांचा डबा आणि पाणीपट्टीची शेवटची पावती या वस्तू नव्या समन्वयकासमोर एकेक करून तपासाव्यात आणि यादीखाली दोघांनी सही करावी. त्यानंतर पहिला महिनाभर जुन्या समन्वयकाने दर रविवारी बागेत यावे, मात्र सूचना नव्या समन्वयकानेच द्याव्यात.